घरातला पाऊस

जुलैचा दुसरा आठवडा, ठाण्यातला आमचा टू-बीएचके. नवऱ्याचं प्रेझेंटेशन होतं म्हणून कपाटातून त्याचा काळा ब्लेझर काढला, तर कॉलरवर पांढरी बुरशी! लेदरची बॅग हिरवट. कपाट जरा पुढे ओढलं, तर मागची अख्खी भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. आणि त्याच भिंतीला लागून आमच्या चार वर्षांच्या लेकीचा पलंग. तिचा रात्रीचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता.

मी काय केलं असेल? सरळ सासूबाईंवर घसरले. "आई, ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका म्हटलं होतं ना!" त्या काहीच बोलल्या नाहीत. दोरीवरचे कपडे काढले आणि दिवसभर गप्प.

डॉक्टरांनी लेकीची छाती तपासून पहिले प्रश्न विचारले ते घराबद्दल. भिंतीला ओल आहे का? रात्री मच्छर कॉइल लावता का? दोन्हींचं उत्तर 'हो'. ओल आणि बुरशी असलेल्या घरात श्वसनाचे त्रास आणि दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगून ठेवलंय. आणि कॉइल? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. आम्ही ती दारं-खिडक्या लावून, एसी सुरू करून जाळत होतो!

मग आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर मागवलं. काही शे रुपयांत मिळतं. आणि मला नादच लागला. हॉलमध्ये ७४ टक्के. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरात ८३. बेडरूममध्ये सकाळी सहाला ८१. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते, घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता असावी, साठच्या वर जाऊ नये. पावसाळ्यात, ठाण्यात, साठ? हसूच आलं.

दोन दिवस बेडरूममध्ये एकही ओला कपडा ठेवला नाही. आकडा उतरला फक्त तीनने. मग खरा गुन्हेगार कोण? भिंत पश्चिमेची, म्हणजे पाऊस थेट झोडपणारी. बाहेरच्या प्लॅस्टरला तडा गेलेला. आणि तिला अगदी चिकटवून मीच हौसेने बसवून घेतलेलं कपाट. हवा खेळायला बोटभरसुद्धा जागा नाही. वर रस्त्याची धूळ नको म्हणून खिडक्या कायम बंद, त्याही माझ्याच हुकमाने. माणसांच्या श्वासाचा, घामाचा ओलावा जाणार कुठे?

आईंचं म्हणणं एकच, "खिडक्या उघड गं, घर कोंदटलंय." धूर आणि फोडणीच्या वाफेपुरतं ते शंभर टक्के खरं. पण बाहेरच नव्वद टक्के आर्द्रता असताना नुसत्या खिडकीने भिंत सुकत नाही. तिथे कामी आला एसीचा ड्राय मोड. आतल्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि पाइपातून बाहेर जातं. तासाभरात ६२! मात्र आपला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच ती फिरवतो. म्हणून स्वयंपाक करताना खिडकी आणि एक्झॉस्ट, झोपताना ड्राय मोड.

कपाट भिंतीपासून चार इंच पुढे आलं, पलंग आतल्या भिंतीकडे गेला. मास्क लावून साबणाच्या पाण्याने बुरशी घासून काढली. (वरून रंग मारायचा मोह होतो, पण ओल तशीच राहिली तर बुरशी पुन्हा डोकं काढते.) कॉइल गेली, आईंची कोकणातली जुनी मच्छरदाणी आली. लेक तिला 'तंबू' म्हणते. बाहेरचा तडा सोसायटी पावसाळ्यानंतर भरणार आहे म्हणे... बघू. डॉक्टरांचा इन्हेलर सुरू आहेच, पण गेल्या आठवड्यात ती दोनदाच खोकत उठली.

एका संध्याकाळी भाजी निवडताना आईंना म्हटलं, "त्या दिवशी कपड्यांवरून उगाच बोलले मी."

"ते राहू दे," त्या म्हणाल्या, "आता कपडे वाळत कुठे घालू, ते सांग आधी."

सध्या बाथरूममध्ये दोरी आहे, एक्झॉस्टखाली. आणि रोज सकाळी चहाआधी आई चष्मा लावून मीटर वाचतात. "आज चौसष्ट गं!"