नगराचा कचरा आणि नगराचे जुळे

1987 साली दिल्लीतील तिमारपूर येथे केंद्र शासनाच्या पुढाकाराने कचरा जाळून वीज निर्माण करणारा एक कारखाना उभा राहिला. यंत्रसामग्री डेन्मार्कची होती. रोज 300 टन कचरा पोटात घ्यावा आणि पावणेचार मेगावॅट वीज द्यावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात चाचणीचे जेमतेम तीन आठवडे तो चालला, आणि 1990 मध्ये त्याला टाळे लागले. मुख्य अडचण इंधनाची होती. कचरा आपल्या आपण पेटत राहण्यास जेवढी उष्णता त्याच्या अंगी असावी लागते, तिच्या निम्मीही दिल्लीच्या कचऱ्यात नव्हती. युरोपातील नगरांच्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा आणि वेष्टने विपुल असत. भारतीय घरातला कागद मात्र रद्दीवाल्याकडे जातो, आणि त्यातून सुटलेला कचरावेचकांच्या हाती लागतो. मागे उरतात ती भाजीची देठे, खरकटे, माती आणि राख. ज्या नगरासाठी तो कारखाना रचला गेला, ते नगर दिल्ली नव्हतेच.

अशी चूक विटा-लोखंडात होण्यापूर्वी ती आकड्यांत करून पाहता आली, तर केवढा तरी पैसा आणि मनस्ताप वाचेल. नेमके हेच साधण्यासाठी जे साधन आता हाती आले आहे, त्याला ‘डिजिटल ट्विन’ असे म्हणतात. मराठीत त्याला ‘अंकीय जुळे’ म्हणावयास हरकत नसावी.

या कल्पनेचे मूळ अंतराळयानांच्या इतिहासात सापडते. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 हे यान चंद्राकडे जात असता, पृथ्वीपासून 3 लाख किलोमीटरांहून अधिक अंतरावर, त्यातील प्राणवायूची एक टाकी फुटली. तिघा अंतराळवीरांना परत आणावयाचे होते, आणि यानाजवळ तर कोणी जाऊ शकत नव्हते. तेव्हा जमिनीवर ठेवलेल्या सराव-यानांत तशीच स्थिती निर्माण करून प्रत्येक उपाय आधी तेथे पारखला गेला आणि मग वर कळविला गेला. पुढे 2002 च्या सुमारास मायकेल ग्रीव्ह्ज यांनी अमेरिकेत ही कल्पना कारखानदारीच्या संदर्भात मांडली. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव तिला 2010 मध्ये ‘नासा’ संस्थेतील जॉन व्हिकर्स यांनी दिले.

साधा नकाशा आणि अंकीय जुळे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नकाशा एकदा काढला की तेथेच थांबतो. जुळे मात्र मूळ वस्तूबरोबर बदलत राहते. नगराच्या रस्त्यांचा, कचरापेट्यांचा, गाड्यांचा आणि प्रक्रियाकेंद्रांचा आराखडा संगणकात उभा करावयाचा आणि त्याला दररोज प्रत्यक्षाची खबर पुरवावयाची. गाडी कोठे आहे, हे उपग्रहाच्या साहाय्याने कळते. पेटी किती भरली, हे झाकणाखाली बसविलेले छोटे उपकरण सांगते: ते ध्वनिलहर सोडते, आणि ती परत येण्यास लागलेल्या वेळावरून रिकामी जागा मोजते. वजनकाट्यावरील नोंद आपोआप उतरते. या सर्व खबरांच्या आधारे पुढील दिवसाचे, किंबहुना पुढील वर्षाचे चित्र काही मिनिटांत रेखाटून पाहता येते. त्यालाच सदृशीकरण म्हणतात.

उपयोग कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या नगरात दुपारपर्यंत निम्मे मोहल्ले साफ होत नाहीत. सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे नव्या गाड्यांची खरेदी. जुळ्यात दहा गाड्या वाढवून पाहिल्या, तर कदाचित असे दिसेल की वजनकाट्यापुढची रांग तेवढी लांबली. सगळ्या गाड्या पहाटे एकाच वेळी निघतात, एकाच वेळी भरतात आणि एकाच वेळी काट्यावर येऊन थबकतात. त्याऐवजी निम्म्या गाड्या पाऊण तास उशिरा सोडल्या, तर एक रुपयाही न खर्चता काम उरकते.

मार्ग ठरविण्याचा प्रश्नही तसाच कठीण आहे. केवळ 10 थांबे असले, तरी ते घेण्याचे क्रम 36,28,800 होतात. पेट्रोल पोहोचविणाऱ्या गाड्यांच्या निमित्ताने डँटझिग आणि रॅम्सर यांनी 1959 मध्ये या प्रश्नाला गणिती रूप दिले. आजची मार्गयोजना त्याच पायावर उभी आहे.

तथापि, जुळे हे काही भविष्यवेत्ते नव्हे. त्याला जे सांगितले, त्यापलीकडे ते जाणत नाही. तिमारपूरच्या वेळी असे साधन असते आणि त्याला युरोपीय कचऱ्याचे आकडे पुरविले असते, तर त्यानेही निःशंकपणे पावणेचार मेगावॅटच सांगितले असते. म्हणून गतवर्षीच्या ज्ञात महिन्यांवर त्याचा ताळा पाहावा, आणि तो जुळल्याशिवाय त्याच्या भाकितावर पैसा लावू नये.

येथे इंदूरचे उदाहरण उद्बोधक आहे. होळकरांच्या या नगरात 19 फेब्रुवारी 2022 रोजी ओल्या कचऱ्यापासून वायुइंधन करणाऱ्या, दररोज 550 टन क्षमतेच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याचा पाया अंकीय जुळ्याने घातलेला नाही. तो दारोदारी ओला आणि सुका कचरा वेगळा घेण्याच्या शिस्तीने घातला. प्रकल्पात काय येणार, हे नगराला आधीच ठाऊक होते. मापन हे यंत्राच्या आधीचे काम आहे, हाच त्याचा अर्थ.

आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगावयास हवी. जुळ्यात जे मोजले जात नाही, ते निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. पुण्यात 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहून त्यांना घरोघर कचरा गोळा करण्याचे अधिकृत काम मिळाले. अशा स्त्रियांच्या हातांनी वेगळा झालेला माल गाडीत चढत नाही आणि काट्यावरही येत नाही. केवळ गाड्या आणि टन मोजणाऱ्या आराखड्यात त्यांचे श्रम शून्य ठरतील, आणि काटकसरीच्या नावाखाली त्यांची भाकरीच पुसली जाईल. शिवाय, त्यांनी उचललेला कागद हिशेबाबाहेर राहिला, तर तिमारपूरची चूक नव्या यंत्राने पुन्हा होईल.

तेव्हा ज्या नगरपालिकेला हे जुळे हवे असेल, तिने संगणकापूर्वी तराजू आणावा. निरनिराळ्या वस्त्यांतील कचरा पावसाळ्यात, उन्हाळ्यात आणि सणासुदीत वेगळा करून तोलावा. झाडणारे, वेचणारे आणि गाडी हाकणारे यांना विचारून तो आराखडा पारखावा. इतके केले, तर नगराने चुका आकड्यांत कराव्या आणि रस्ते स्वच्छ ठेवावे, हे साध्य होण्याजोगे आहे.