गळ घेऊन परदेशीं

इंग्लंडांतील लोकांनीं आपल्या गोड्या पाण्यांतील माशांची फार पूर्वीं दोन वर्गांत वांटणी करून ठेवली आहे. सामन व ट्राउट हे मानाचे मासे. त्यांच्या नद्यांचे कांठ बहुधा जमीनदारांच्या मालकीचे, आणि तेथें गळ टाकण्याचें भाडें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें. रोच, ब्रीम, टेंच, पाइक, कार्प वगैरे बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे भरड मासे. ज्वारीबाजरीस भरड धान्य म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. हे भरड मासे इंग्रज माणूस सहसा खात नाहीं. तासन् तास बसून धरलेला मासा तो न्याहाळतो, तोलतो, आणि पुन्हां पाण्यांत सोडून देतो. कोंकणी माणसास हा शुद्ध वेडेपणा वाटेल, व तसें वाटल्याबद्दल त्यास दोष देतां यावयाचा नाहीं. परंतु ही रीत ध्यानांत घेतल्यावांचून हे लोक मित्रमंडळी जमवून परदेशांतील तळ्यांवर आठवडा आठवडा कां जाऊन राहतात, याचा उलगडा होत नाहीं.

या छंदाचें माहेर म्हणजे शेफील्डसारखीं कारखान्यांचीं गांवें. एकोणिसाव्या शतकांत तेथील कामगारांनीं गळाचे क्लब काढले. सुटीच्या दिवशीं आगगाडीनें लिंकनशायरमधील विदम नदीवर जावयाचें, कांठावर ओळीनें बसावयाचें, आणि कोणाच्या माशांचें एकूण वजन अधिक भरतें याची चढाओढ करावयाची, असा त्यांचा क्रम असे. शेफील्डचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि मुंडेला यांच्या पुढाकारानें १८७८ सालीं एक कायदा झाला. त्या अन्वयें १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे विणीच्या काळांत, भरड मासे धरण्यास बंदी झाली. नद्यांपुरती ती आजहि कायम आहे. तळ्यांवरून मात्र बहुतेक ठिकाणीं ती १९९५ सालीं उठली. बंदी असेपर्यंत ऐन वसंतांत गळाची काठी खुंटीला टांगून ठेवावी लागे, आणि शेजारच्या आयर्लंडांत तर असा निर्बंधच नव्हता. परदेशवारीचें एक कारण इतकें साधें आहे.

आयर्लंडनें या पाहुण्यांचें मनापासून स्वागत केलें. १९५१ सालीं तेथें 'इनलँड फिशरीज ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली, व तिनें परदेशी हौशी मंडळींसाठीं तळ्यांची पाहणी करून वाटा, धक्के व माहिती यांची सोय केली. आयरिश माणसाचें लक्ष सामन-ट्राउटवर. चुनखडीच्या प्रदेशांतील तळ्यांत पोसलेल्या ब्रीम-टेंचांना तेथें कोणी विचारीत नसे. इंग्रज कामगारास हें घबाडच वाटलें. चारचौघे मिळून मोटारगाडी भरावयाची, रात्रीच्या बोटीनें समुद्र ओलांडावयाचा, आणि एखाद्या बाईच्या घरीं आठवडाभर उतरावयाचें. अशा घरांतून ओले कपडे वाळविण्यासाठीं निराळी खोली आणि आमिषासाठीं निराळें शीतकपाट असे. शॅनन नदीवरील लेन्सबरो गांवीं पीट जाळून वीज करण्याचें केंद्र होतें. त्यांतून सुटणाऱ्या कोमट पाण्याकडे टेंच व ब्रीम यांचे थवे येत, म्हणून मंडळी पहांटेपासून तेथें जागा धरून बसत. तें केंद्र २०२० अखेर बंद पडलें, व पाण्याची ती ऊबहि गेली.

या प्रवासांतील सर्वांत नाजूक सामान म्हणजे अळ्या. मांसावर बसणाऱ्या निळ्या माशीच्या या पांढऱ्या अळ्या मुद्दाम पैदा करून आमिष म्हणून विकतात. थंडाव्यांत न ठेवल्यास त्यांचे कोश बनतात, आणि पुढें त्यांतून माश्या निघतात. मोटारींत एखाद्या डब्याचें झांकण सैल राहिलें तर काय होत असेल, याची कल्पना गृहिणींनींच करावी.

एकट्यानें मौनांत करावयाचा असा हा खेळ दिसतो खरा; तथापि परदेशांत तो मित्रांवांचून चालत नाहीं. खर्च वांटला जातो, हें आहेच. पण मोठा मासा गळाला लागला कीं एकानें काठी सांभाळावयाची व दुसऱ्यानें जाळें खालीं धरावयाचें. पुढें त्याचें वजन करावयास व छायाचित्र घ्यावयास आणखी कोणी हवा. मासा पाण्यांत परत गेला म्हणजे मित्राच्या साक्षीखेरीज हातांत उरतें तरी काय?

आयर्लंडनंतर डेन्मार्कची पाळी आली. तेथील गुडनो नदीवर जाणाऱ्या इंग्रजांना हार्विच ते एस्ब्येर ही बोट सोयीची होती. ती २०१४ सालीं बंद झाली. फ्रान्सचें आकर्षण निराळें. इंग्लंडांत रिचर्ड वॉकर यानें १९५२ सालीं धरलेला ४४ पौंडांचा कार्प दीर्घकाळ विक्रम मानला गेला. उलट कान शहराजवळच्या डोंगरांतील सेंट-कासियां या धरणाच्या तळ्यांत त्याहून पुष्कळच मोठे कार्प आहेत, अशी बातमी १९८० नंतरच्या दशकांत पसरली, आणि तंबू घेऊन टोळ्याच्या टोळ्या दक्षिणेकडे निघाल्या. त्यांच्याजवळ एक नवी युक्ति होती. अंडें व पीठ मळून उकडलेली टणक गोळी गळांत न खोंवतां, गळाला बांधलेल्या केसासारख्या बारीक दोऱ्यावर ती ओंवतात. गळ मोकळा राहतो. सावध कार्प गोळी तोंडांत ओढतो, संशय येतांच फुंकून टाकतो, आणि त्या फुंकण्यांतच उघडा गळ त्याच्या ओठांत रुततो. पुढें १९९४ सालीं खाडीखालचा बोगदा खुला झाल्यावर ही वाट अधिकच सोपी झाली. आतां बरीच मंडळी खासगी तळें आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें घेतात. त्यांत सुख आहे. पण मोजून सोडलेल्या माशांच्या तळ्यांत शोधाचें कुतूहल कितीसें उरत असेल, हा प्रश्नच आहे.

मासा परत सोडला म्हणजे नदीचें कांहीं बिघडत नाहीं, असा या मंडळींचा समज असतो. तो सर्वस्वीं खरा नाहीं. आयर्लंडांत रोच मुळचा नव्हे. पाइकसाठीं आमिष म्हणून आणलेले रोच १८८९ सालीं ब्लॅकवॉटर नदींत निसटले असें सांगतात. पुढच्या शतकांत ते देशभर पसरले, व ब्रीमशीं त्यांचा संकरहि झाला. स्पेनच्या एब्रो नदींत 'वेल्स' हा दोन मीटरांहून लांब वाढणारा मिशाळ मासा १९७४ सालीं एका जर्मन गृहस्थानें सोडला. आज त्याच्यासाठींच दूरदूरचे पाहुणे तेथें येतात, आणि त्याच्या पोटांत नदीचे मूळचे रहिवासी जातात.

याच छंदाचा एक धागा भारतांत आणि थेट महाराष्ट्रांत येऊन पोंचतो. महसीर हा कार्पच्याच कुळांतला. हेन्री सलिव्हन टॉमस याचा हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवरील ग्रंथ १८७३ सालचा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यानें कावेरीच्या खोऱ्यांत १२० पौंडांचा महसीर धरला तो १९४६ सालीं. १९७७-७८ च्या सुमारास कांहीं तरुण इंग्रज मित्र ही नदी शोधीत आले, आणि पुढें कर्नाटकांत गळाच्या शिबिरांची प्रथा पडली. नाचणीच्या शिजविलेल्या गोळ्याचें आमिष, मासा परत सोडण्याचा दंडक, आणि वाटाड्ये व राखणदार म्हणून स्थानिक माणसें, असा तेथील प्रकार होता. त्या माणसांत पूर्वीं चोरून मासे मारणारेहि होते.

कावेरीचा खास मासा पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा. त्याची संख्या घटते आहे अशा समजुतीनें नदींत महसीरचीं पिल्लें सोडण्यांत आलीं. तीं लोणावळ्यास वळवण येथें टाटांच्या वीजकंपनीनें चालविलेल्या पैदास केंद्रांतील. परंतु तो महसीर निळ्या परांचा, निराळ्या जातीचा. पुण्याजवळच्या मुळामुठेंतील नमुन्यांवरून साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं वर्णिलेला. हेतु चांगला होता. परिणाम काय झाला, हें शास्त्रज्ञांना शिबिरांतल्या नोंदवह्यांवरून कळलें. गालिबोरे येथील शिबिरांत १९९८ पासून २०१२ पर्यंत कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा मिळाला, वजन किती, हें मित्रमंडळींच्या हौसेनें लिहिलें गेलें होतें. त्या नोंदींवरून २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें कीं, निळ्या परांचे महसीर भराभर वाढले आणि कुबडवाला जवळजवळ नाहींसा झाला. तोंपर्यंत या जगप्रसिद्ध माशाला निश्चित शास्त्रीय नांवहि नव्हतें. केरळांतील पांबार नदींतल्या नमुन्यांवरून २००७ सालीं वर्णिलेली 'टोर रेमादेवी' हीच ती जात, हें २०१८ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

कावेरीच्या अभयारण्यांतील गळाचीं शिबिरें २०१२ च्या सुमारास वन्यजीवांच्या कायद्यामुळें बंद झालीं, आणि गालिबोरेच्या वह्यांतील शेवटची नोंद त्याच वर्षाची आहे.