मापाचं पोलकं

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात माझ्या एका वर्गमित्राचं शिवणकामाचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. गल्ल्याखालच्या पेटीत मापांच्या जुन्या वह्या आहेत. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पानांवर निळ्या खडूची पूड. दिवाळी अंकासाठी पेहरावावर लिहायचंय म्हटल्यावर त्यानं ती पेटीच माझ्यापुढं सरकवली. "वाच बापा, याच्यातच हाय सारं."

‘बॉबी’ १९७३ साली आला. त्यानंतरच्या वहीत पँटचा बॉटम पाहता पाहता २४ इंचांवर जातो. मग सफारी येते, गुडघ्याशी घोळदार पँट येते, आणि पुढच्या वह्यांत बॉटम इतका आवळत जातो की पाय आत कसा जात असेल हा प्रश्न पडावा. पुरुषांची पानं अशी हलती आहेत.

बायका शोधायला गेलो तर मात्र एकही इंच सापडेना. पोलकी तर ढिगानं शिवली जात होती. पण परक्या पुरुषानं बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही, म्हणून घरून एक जुनं पोलकं यायचं. ते मापाचं पोलकं. त्यावरून बेतायचं, शिवायचं आणि नव्यासोबत परत पाठवायचं. वहीत नोंद काय? ‘पाटलाची सून’, ‘मास्तरची बाई’, ‘विहिरीजवळचं घर’. त्या वह्यांत बाईला नाव नव्हतं आणि मापही नव्हतं.

फॅशनचा इतिहास लोक काठापदरावरून सांगतात. मला तो मुभेचा इतिहास वाटतो. कुणाला काय घालायची मुभा होती, ती कुणी अडवली आणि कुणी न विचारता घेतली, याचा. वऱ्हाडात हे जास्तच बोचतं, कारण कापड जिथून सुरू होतं तो कापूसच आमचा.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. गाठी त्या गाडीनं मुंबईकडे जायच्या आणि त्यांचंच विलायती कापड होऊन परत यायचं. कापसाचा पैसा हाती खेळू लागला तसे वऱ्हाडातल्या शिकल्यासवरल्या, नोकरदार पुरुषांच्या अंगात कोट आले, पायांत बूट आले. ही हौस वऱ्हाडातल्याच एका बाईनं नेमकी पकडली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यात त्यांनी पुरुषांना थेट विचारलं आहे, की तुम्ही पगड्या टाकल्या, साहेबाचे कपडे चढवले, त्यानं तुमचा धर्म बुडाला नाही. मग सगळा धर्म बायकांनीच का सांभाळायचा? शब्द त्यांचे याहून कितीतरी झणझणीत आहेत. एकशेचाळीस वर्षं उलटली, तरी जीन्स घातलेल्या मुलीला संस्कार शिकवणारे काका स्वतः बर्म्युडा घालून ओट्यावर बसलेले असतात.

पण खरी करडी नजर जातीची होती. अस्पृश्य मानलेल्या बाईनं लुगडं किती खाली सोडायचं, अंगावर कुठल्या धातूचा दागिना घालायचा, हे गाव ठरवायचं. लांबूनच ओळखू आलं पाहिजे, एवढाच त्या पेहरावाचा उपयोग. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. त्या लढ्याच्या पुढाऱ्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते, आमच्याच तालुक्यातल्या पापळचे. त्यानंतर दीड महिन्यातच महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं. विषय काय, तर लुगडं. तुमची नेसण्याची तऱ्हा आणि हातांतल्या दागिन्यांचा तो भार ही तुमच्यावर लादलेली खूण आहे, ती पुसून टाका, असा त्याचा आशय. बायकांनी ते मनावर घेतलं आणि लगेच घोळदार, पायांपर्यंतचं लुगडं नेसल्या. आपल्याकडे कपड्याच्या क्रांत्या पुष्कळ सांगतात. मला ही त्यातली सगळ्यात मोठी वाटते, आणि तिला लागलं काय, तर असलेलंच लुगडं थोडं खाली सोडणं.

मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला धम्मदीक्षेला लोक पांढऱ्या कपड्यांत आले. नागपुरातल्या दुकानांत पांढरं कापड उरलं नव्हतं, असं तिथून आलेले म्हातारे सांगत. आजही जयंतीला आमच्या रस्त्यानं पांढऱ्या साड्यांची रांग निघते, तेव्हा त्यामागं हे सगळं चालत असतं.

बाबासाहेबांचा सूट आणि १९२१ नंतरचा गांधीजींचा पंचा यांची तुलना शाळेच्या निबंधांतही येते. तिसरा माणूस मात्र राहून जातो, आणि तो आमचा. गाडगेबाबा. जातीनं परीट, म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्या घरातले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा. लोकांचे कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या घरातला माणूस ठरवून चिंध्या घालतो आणि मग गावालाच विचारतो, घाण कुठं आहे? या तिघांनीही कपडा स्वतः निवडला होता. ही निवड गावातल्या साध्या माणसाला कधी मिळाली, हा माझा प्रश्न.

मिळाली ती, हसू नका, टेरिलीननं. माझे वडील जन्मभर पऱ्हाटीत राबले. दिवाळीच्या सुमारास आमच्या पुढच्या खोलीत कापूस माळ्यापर्यंत रचलेला असे आणि आम्ही भावंडं त्यावर लोळायचो. त्याच घरात वडिलांनी पहिला चांगला सदरा शिवला तो टेरिलीनचा. उन्हाळ्यात वऱ्हाड पंचेचाळीस अंशांवर जातं. तो सदरा पाठीला पापुद्र्यासारखा चिकटायचा. पण त्याची इस्त्री मोडत नसे, आणि न मोडणारी इस्त्री म्हणजे हा माणूस वावरातून आलेला नाही, कचेरीत बसतो की काय, असा समज. तेवढ्यासाठी ते घाम सोसत. एकदा विडीची ठिणगी उडून छातीवर भोक पडलं. याच दुकानात, मित्राच्या वडिलांनी खिसा उसवला आणि दोन बोटं वर सरकवून भोकावर बसवला. उरलेली सगळी वर्षं तो सदरा किंचित वर खिसा असलेला होता. आणि वडिलांनी तो अंगात असताना विडी ओढली नाही.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कापडाचे कारखाने उभे आहेत. बाहेरचे लोक ते आमचंच गाव समजतात; ते नांदगाव वेगळं. आमच्याकडं अजून कापूसच निघतो.

बायकांच्या मुभेची चाल वेगळी. ती पुढच्या दारानं आली नाही. आई नऊवारी सोडून गोल पातळ नेसली तेव्हा आजी महिनाभर बोलली नाही. बहीण अमरावतीला कॉलेजात गेली आणि पंजाबी ड्रेस घालू लागली, पण गावच्या फाट्यावर उतरण्याआधी ओढणी डोक्यावरून यायची. गाऊनची गोष्ट तर कुणीतरी नीट लिहायला हवी. रात्री घालायचा म्हणून आलेला हा कपडा बघता बघता दिवसभराचा झाला. किराणा आणायला, पाणी भरायला, पोराला शाळेच्या गाडीत बसवायला तोच. फक्त खांद्यावर एक टॉवेल टाकायचा. त्या टॉवेलानं झाकलं काहीच जात नाही, पण सासरा समोर असला तरी बाई टॉवेल टाकून अंगणात मोकळी वावरते. आमच्याकडं पदराची जागा टॉवेलनं घेतली, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

स्कूटीवरच्या मुलींनी डोळे सोडून तोंडभर गुंडाळलेला स्कार्फ तसाच. मे महिन्यात तो नसेल तर कातडी भाजून निघेल, हे खरं. पण तो डिसेंबरातही असतो. मागच्या सीटवर कोण आणि पुढच्या सीटवर कोण, हे बाजाराला कळत नाही, हेही खरं.

पुरुषांचं मात्र उलटं. त्यांना सोडलेला कपडाही सोडवत नाही. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर अजून होतो. पांढरी टोपी डोक्यावर ठेवली जाते, फोटो निघतो, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत ती जीन्सच्या मागच्या खिशात गेलेली असते. माझ्या कपाटात अशा निदान वीस टोप्या आहेत. एकही धुतलेली नाही, कारण एकही मळलेली नाही.

मित्राकडं आता नवं शिवणं कमी झालंय. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक नेलं. जीन्सची लांबी कापायची, चेन बदलायची, पिको-फॉल करायचा, यावर दुकान चालतं. मी बसलो होतो तेव्हा एक बाई लेकीची जीन्स घेऊन आली, सोबत मापाला जुनी जीन्स. मित्रानं दोन्ही टेबलावर जोडून ठेवल्या, खडूनं रेघ मारली आणि वही उघडली. मी वाकून पाहिलं. ‘सून’ नाही, ‘बाई’ नाही, नावही नाही. दहा आकडे.

"आता सारं नंबरावर," तो म्हणाला. "कापड झालं का फोन लावतो."

"उचलतात का बायका?"

"नंबर तिच्या नवऱ्याचा हाय," तो म्हणाला, आणि मशीनला पाय लावला.