लाकडाचा पापुद्रा

पोकळ गिरमिटाने सूचिपर्णी झाडातून काढलेली लाकडाची कांडी पेन्सिलीहून बारीक असते, साधारण 5 मिलिमीटरची. झाड जिवंतच राहतं. अँड्र्यू डग्लस हा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचा माग शोधता शोधता झाडांच्या वलयांकडे वळला आणि 1937 मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉनला त्याने वलय-अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. तिथे तेव्हापासून वलयं मोजली जाताहेत. पण वलयाची रुंदी म्हणजे साऱ्या हंगामाची गोळाबेरीज. हंगामात कधी काय घडलं, हे पेशींना विचारावं लागतं.

त्यासाठी मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर कांडीचा 10 ते 20 मायक्रॉनचा पापुद्रा काढायचा. वहीचा कागदही याच्याहून कितीतरी जाड असतो. पात्याची धार जराशी गेली तरी पेशींच्या भिंती फाटतात, मग मोजायचं काय? म्हणून कापण्याआधी लाकडावर कॉर्नफ्लॉरचं दाट मिश्रण लावतात. ते पोकळ्यांत शिरून भिंतींना आधार देतं. स्वयंपाकघरातल्या या पिठाने इतकं नाजूक काम साधावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पेरणीच्या तासांसारख्या ओळीने दिसतात. आपल्या सागात मोठ्या वाहिन्या, तंतू अशी सरमिसळ असते. सूचिपर्णी लाकूड मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच प्रकारच्या लांबट पेशींचं, म्हणजे वाहिनिकांचं. हंगामाच्या आरंभी त्या रुंद, पातळ भिंतीच्या होतात, पाणी वाहण्यासाठी. अखेरीस अरुंद आणि जाड भिंतीच्या, आधारासाठी. ही ओळच दिनदर्शिका.

मग रंग. पेशींच्या भिंती कडक करणारं द्रव्य म्हणजे लिग्निन. सॅफ्रानिनने लिग्निन भरलेल्या भिंती लाल होतात, ॲस्ट्रा ब्लूने लिग्निन न भरलेल्या निळ्या. लाल वलयात निळी पट्टी दिसली, तर थंडीने भिंतींचं काम अर्ध्यावर अडवलं असं समजायचं. कडाक्याच्या हिमाने तर कोवळ्या पेशी चुरगळतात. अमेरिकेतल्या ब्रिसलकोन पाइनमधल्या अशा वलयांचा मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांशी संबंध लामार्श आणि हर्शबोएक यांनी 1984 मध्ये दाखवला.

पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हिमालयातल्या सूचिपर्णी वृक्षांच्या वलयांवरून जुनं हवामान वाचलं गेलं आहे. पापुद्रे कापण्याचं हे चिकाटीचं काम आपल्या विद्यार्थ्यांनीही हाती घ्यावं. सुरुवातीला साधं भिंग पुरेल. पाइनच्या खोक्याची एखादी फळी घ्या आणि कापलेलं टोक पाहा: प्रत्येक गडद रेघ म्हणजे एका हंगामाची अखेर.