ब्रह्मपुरीच्या मातीतला पाहुणा

कोल्हापूरला समुद्र नाही. तरी ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन इथं शेकडो वर्षं मुक्कामाला होता आणि गावाला त्याचा पत्ताच नव्हता!

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940च्या दशकात उत्खनन झालं. डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46मध्ये तिथं सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. याच टेकडीनं पोसायडनची रोमन घडणीची ब्राँझमूर्ती दिली. उंची वीतभरही नाही, पण अंगाचा डौल बघत राहावा असा. कोकणातल्या बंदरात उतरून, सह्याद्रीचे घाट चढून ती आली असावी. कुणा व्यापाऱ्यानं आणली, कुणाच्या घरात होती, नोंद नाही.

वर पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदली, खाली देव निजलेला. आज ही मूर्ती म्हणजे कोल्हापुरातल्या टाउन हॉलच्या म्युझियमची खरी शान!