शेवटची सूचना येईपर्यंत हिशेब कच्चाच

दुबईत किंवा अबू धाबीत राहणारा माणूस दवाखान्यात एमिरेट्स आयडी दाखवतो, आपल्या वाट्याचे दिरहम भरतो आणि औषधं घेऊन घरी जातो. बिलाची उरलेली रक्कम दवाखान्याने विमा कंपनीकडून वसूल करायची असते. ही मागणी अबू धाबीत ‘शफाफिया’ आणि दुबईत ‘ईक्लेमलिंक’ या यंत्रणांमधून एक्सएमएल फाइलच्या रूपात जाते. अबू धाबीने २००५ च्या आणि दुबईने २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा केला, त्यामुळे या फाइलींचा ओघ थांबत नाही, आणि एकेका फाइलमध्ये अनेक रुग्णांचे क्लेम ओळीने बसवता येतात. अशी फाइल वाचणारा प्रोग्रॅम लिहिताना सगळं लक्ष मधल्या मजकुराकडे जातं: रुग्ण कोण, निदान काय, रक्कम किती. पण पैशांची खरी जोखीम फाइलच्या दोन टोकांना असते. दस्तऐवज सुरू झाला आणि दस्तऐवज संपला, या दोन सूचना प्रोग्रॅम कशा हाताळतो यावर बाकीचा हिशेब उभा राहतो किंवा कोसळतो.

एक्सएमएल वाचायच्या मुख्य रीती दोन. ‘डॉम’ या रीतीत आख्खी फाइल आधी संगणकाच्या मेमरीत उतरवली जाते, मग तिच्यात हवं तिथे मागेपुढे जाता येतं. सोय मोठी, पण फाइल मोठी असेल तर तिच्या आकाराच्या कितीतरी पट मेमरी खर्ची पडते. दुसरी रीत ‘सॅक्स’. एक्सएमएलचं पहिलं प्रमाण फेब्रुवारी १९९८ मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने सॅक्स तयार झालं. त्यात पार्सर, म्हणजे वाचणारा भाग, फाइल एकदाच, वरून खाली वाचत जातो आणि जे दिसेल ते हँडलरला, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या भागाला, कळवत राहतो: दस्तऐवज सुरू झाला, हा टॅग उघडला, ही अक्षरं आली, तो टॅग बंद झाला, दस्तऐवज संपला. एकाने पोथी वाचावी आणि दुसऱ्याने ऐकून टिपणं घ्यावीत, तसा हा प्रकार. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटायला सांगता येत नाही. मेमरी वाचते ती यामुळेच. मात्र काय लक्षात ठेवायचं आणि कधी विसरायचं, ही जबाबदारी यंत्रावरून उतरून प्रोग्रॅमरच्या डोक्यावर येते.

ही जबाबदारी किती बारीक असते ते क्लेमच्या एकाच टॅगवरून दिसतं. क्लेममध्ये एकूण रक्कम, रुग्णाचा वाटा आणि ‘नेट’, म्हणजे विमा कंपनीकडून येणं, हे आकडे असतात. त्याच क्लेमच्या पोटात तपासणी, औषध, सल्ला अशा प्रत्येक बाबीची ‘ॲक्टिव्हिटी’ असते आणि तिलाही स्वतःचं ‘नेट’ असतं. पार्सर फक्त ‘नेट’ उघडलं एवढंच सांगतो. कुणाचं, ते हँडलरने आपण कुठे आहोत याची नोंद ठेवून ओळखायचं. नोंद ठेवली नाही, तर शेवटच्या ॲक्टिव्हिटीचे ९० दिरहम क्लेमच्या १२५० दिरहमांवर जाऊन बसतात. दुसरा धोका याहून लपलेला. एका टॅगमधला मजकूर एकाच सूचनेत येईल अशी हमी सॅक्स देत नाही. बफरची, म्हणजे पार्सर एका वेळी उचलतो त्या तुकड्याची, सीमा नेमकी आकड्याच्या मधोमध आली, तर ‘१२५०’ हा आकडा आधी ‘१२’ आणि मग ‘५०’ असा दोन हप्त्यांत येऊ शकतो. तुकडे जोडून टॅग बंद झाल्यावरच रक्कम वाचायची, हा नियम न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ५० दिरहमांची नोंद होते. छोट्या फाइलवर चाचणी घेतली तर ही चूक कधी दिसतही नाही.

आता टोकांकडे येऊ. क्लेमच्या फाइलच्या सुरुवातीला ‘हेडर’ असतो. पाठवणारा कोण, घेणारा कोण, तारीख काय, फाइल चाचणीची की खरी, आणि आत किती क्लेम आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. समजा हेडर म्हणतो ५००, आणि ३१२ वा क्लेम अर्ध्यावर असताना फाइल तुटली. डॉमने वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण अपुरी फाइल एक्सएमएलच्या व्याकरणातच बसत नाही. सॅक्सने वाचणाऱ्याला मात्र ही तूट कळते तोवर ३११ क्लेम त्याच्या हातून गेलेले असतात. प्रत्येक क्लेम बंद होताच त्याने तो डेटाबेसमध्ये पक्का केला असेल, तर दवाखाना पूर्ण फाइल पुन्हा पाठवतो तेव्हा तेच ३११ क्लेम दुसऱ्यांदा दाखल होतात. म्हणून दस्तऐवज सुरू झाल्याची सूचना येताच सगळे मोजणीचे आकडे शून्यावर आणायचे, नाहीतर तोच हँडलर दुसऱ्या फाइलला वापरला की मागच्या फाइलची बेरीज नव्या फाइलला चिकटते. क्लेम येतील तसे कच्च्या टेबलात ठेवायचे आणि संपल्याची सूचना आली, वाटेत चूक नोंदली गेली नाही, मोजणी हेडरशी जुळली, की मगच पक्क्या खात्यात न्यायचे. या तिन्ही अटी एकत्र लागतात. गंभीर चूक झाल्यावर संपल्याची सूचना येईल की नाही, यावर विसंबू नका, असं सॅक्सच्या जावा दस्तऐवजांतच लिहून ठेवलेलं आहे. शिवाय फाइल व्याकरणाने पूर्ण असली, तरी तिच्यात ५०० ऐवजी ४९९ क्लेम असू शकतात. ते सांगणं पार्सरचं काम नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की शेवटपर्यंत थांबायचंच असेल, तर सॅक्सचा फायदा काय? फायदा मेमरीचा, आणि तो कुठेच जात नाही. कच्चे क्लेम डिस्कवर साठतात, मेमरीत एका वेळी एकच असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका चुकीच्या क्लेमसाठी उरलेले ४९९ का अडवायचे? तर ते अडवायचे नाहीतच. निदानाचा कोड चुकला, ही त्या क्लेमची चूक. विमा कंपनी उलट पाठवते त्या ‘रेमिटन्स ॲडव्हाइस’मध्ये नकाराचं कारण ॲक्टिव्हिटीगणिक देण्याची सोय आहे. फाइल तुटणं ही मात्र सगळ्या दस्तऐवजाची चूक आहे, आणि तिथे अर्धवट स्वीकार म्हणजे दोन्ही पक्षांच्या वह्या वेगळ्या होणं. आज मेमरी स्वस्त आहे, तेव्हा सरळ डॉम वापरा, असंही कुणी म्हणेल. छोट्या फाइलला तो सल्ला योग्यच आहे. पण एकाच सर्व्हरवर अनेक दवाखान्यांच्या फाइली एकदम उतरतात, तेव्हा ही स्वस्ताई पुरत नाही.

आणि एक्सएमएल आता जुनं झालं म्हणून हा विषय मोडीत काढावा, तर खुद्द संयुक्त अरब अमिराती उलट्या दिशेने निघाली आहे. तिथल्या अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार १ जुलै २०२६ पासून ई-इन्व्हॉइसचा प्रायोगिक टप्पा आणि १ जानेवारी २०२७ पासून ५ कोटी दिरहम किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना सक्ती आहे. या इन्व्हॉइससाठी पीडीएफ किंवा स्कॅन चालणार नाही. पेपोल या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेवर आधारलेल्या नमुन्यातली एक्सएमएलच लागेल. म्हणजे आजवर दवाखान्यांच्या बिलिंग विभागापुरता असलेला हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या दारात येतो आहे. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला सॅक्स किंवा डॉम कळायची गरज नाही. विक्रेत्याला एवढंच विचारावं: फाइल मध्येच तुटली, तर आमच्या पक्क्या खात्यात काय उरतं? ‘काहीही नाही’ याखेरीज दुसरं उत्तर मिळालं, तर सही करण्यापूर्वी ती तुटलेली फाइल त्याच्यासमोर चालवून बघावी.