शीड आखडावे केव्हा आणि कसे?

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटाच निघाला, आणि वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. असा प्रवास करणारा तो पहिलाच. त्याची 'सुहेली' ही सुमारे ३२ फूट लांबीची सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. एवढ्याशा नौकेने सोसाट्याच्या वाऱ्यास तोंड द्यावे ते कसे? त्याचे एक उत्तर असे, की वारा वाढू लागताच शीड लहान करता आले पाहिजे.

यामागील गणित सोपे आहे. वाऱ्याचा शिडावरील दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १० सागरी मैलांचा वारा २० मैलांचा झाला, तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ३० मैलांचा झाला, तर नऊपट. मग नौका फार कलते, सुकाणूची पाण्यावरील पकड सुटू लागते आणि वेगही घटतो. शिडाचा खालचा पट्टा आवरला, म्हणजे वाऱ्यास सापडणारे कापड कमी होते. शिवाय उरलेल्या शिडाचा मध्य खाली आल्याने नौकेस कलविणारी तरफही आखूड होते.

मुख्य शिडाची पुढील कड डोलकाठीस आणि खालची कड 'बूम' नावाच्या आडव्या काठीस लागून असते. शीड आखडताना नौकेचे तोंड वाऱ्याच्या बरेच जवळ आणून बूमचा दोर सैल सोडावा, म्हणजे शिडातील वारा निघून जातो. बूमचा भार वरून पेलणारी दोरी ताणून घ्यावी. मग शीड चढविण्याचा दोर खुणेपर्यंत सोडून पुढील कडेचे कडे डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवावे, आणि तो दोर पुन्हा घट्ट ओढावा. त्यानंतर मागील कडेच्या कड्यातून ओवलेला दोर ओढून ती बाजू बूमशी भिडवावी. सैल राहिलेले कापड शेवटी हलकेच बांधावे. त्या लहान दोऱ्यांवर ताण पडला, तर शीड फाटते.

वारा पाठीमागून असताना मात्र फसगत होते. वारा २० मैलांचा आणि नौकेची गती ७ मैलांची असेल, तर अंगाला तो १३ मैलांचाच भासतो. नौका वाऱ्याकडे वळताच तोच वारा २० मैलांहून अधिक वेगाने शिडावर आदळतो आणि दाब दुपटीहून अधिक होतो. म्हणून जुने खलाशी सांगतात, की शीड आखडावे का, असा विचार प्रथम मनात येतो, तीच ते आखडण्याची वेळ. वारा ओसरला तर सोडलेले शीड पुन्हा चढविता येते; उशीर झाला, तर तेच काम कललेल्या, ओल्या फळ्यांवर, कदाचित काळोखात आणि एकट्याने करावे लागते.